कडबा गल्लीची शिरगणती

आमच्या कडबा गल्लीइतकी दाट वस्ती अख्ख्या केजात नाही, आणि हे मी नुसत्या अभिमानानं सांगत नाही, शास्त्रानं सांगतो! वीसेक वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतो. लोकसंख्येची घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असं आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे वनमालेचं म्हणणं आहे. पण घनता शिकवणं वेगळं आणि घनतेत राहणं वेगळं. आमच्याकडे कुकर शेजारच्या घरात शिट्टी मारतो आणि गॅस वनमाला बंद करते. खालच्या अंगाला कुणी शिंकलं तर वरच्या अंगाचे तिघं निघता निघता थांबतात. नवराबायकोचं भांडण लागलं तर मध्यस्थाला उठून यावंच लागत नाही, तो आपल्या जागेवर जेवता जेवता निकाल देतो.

चतुःसीमा सांगतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. पूर्वेला हमरस्ता, त्यावर वाहनांची रांग म्हणून तुटत नाही. पश्चिमेला नाला. उत्तरेला आठवडी बाजाराची भिंत, जिच्यावरून बाजाराच्या दिवशी अधूनमधून एखादी शेळी गल्लीत येते आणि अधूनमधूनच परत जाते. दक्षिणेला एक मोकळी जागा आहे. ती कुणीतरी मंगल कार्यालयासाठी घेऊन ठेवलीय आणि आजवर तिथं फक्त बाभळींची लग्नं लागलीत. या चौघांच्या मधे आम्ही. आमच्या शाळेचं मैदान याहून मोठं आहे, आणि त्या मैदानावर पोरं जास्त झाली म्हणून आम्ही दोन पाळ्यांत कवायत घेतो!

तर श्रावणातली गोष्ट. समोरच्या बायनाबाईची सून शिवकन्या आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. ही माझीच विद्यार्थिनी. बारावी पास. भारताचा नकाशा डोळे मिटून काढायची, श्रीलंका सुद्धा जागच्या जागी.

"सर, आपल्या गल्लीला अंगणवाडी मिळती का बघा की," ती म्हणाली.

"आहे की पलीकडं."

"हमरस्त्याच्या पलीकडं हाय. कोण पाठवतंय लेकरू त्या ट्रकांतून?" मग जरा थांबून म्हणाली, "इथं झाली तर सेविका इथलीच घेतात, सर. बारावी लागती. न्हाई झाली तर दसऱ्यानंतर कोयता हायच. अंजूलाबी न्यावं लागतंय. मागच्या साली ती फडात पाचटावर झोपली व्हती. ट्रॅक्टरवाला मागं सरकत आला. म्या वरडले म्हणून वाचली."

एवढंच बोलून ती गेली. अंजू तिची तीन वर्षांची पोरगी. दसरा झाला की आमच्या गल्लीतली निम्मी माणसं ट्रकात बसून ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, आणि लेकरंही सोबत जातात, कारण ठेवायची कुणापाशी? म्हाताऱ्या माणसांच्यानं दिवसभर पोरं आवरत नाहीत.

मला रात्री जेवण गेलं नाही. दुःखानं नाही हो, उत्साहानं! वीस वर्षं जो विषय मी फळ्यावर शिकवला, तो आता माझ्या दारात येऊन उभा होता. लोकसंख्या! वयोगट! क्षेत्रफळ! मी वनमालेला म्हणालो, "बघ, भूगोलानं काय काय होतं ते." ती म्हणाली, "आधी भूगोलानं दळण आणा."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण मला तिथं पुन्हा जायचंय. तिथल्या पर्यवेक्षिका मॅडम कामसू होत्या, पण त्यांच्या टेबलावर एवढ्या फायली होत्या, की निम्मा वेळ मी फायलींशीच बोलत होतो.

"वस्ती आठशेच्या वर पाहिजे," फायलींमागून आवाज आला. "लोकसंख्या, कुटुंबं, वयोगट, चतुःसीमा, क्षेत्रफळ, सगळं जोडा."

"जनगणनेचा आकडा जोडू का?"

"तो जुना झाला. नवा जोडा."

"नवा कुठं मिळेल?"

"नवी जनगणना झाल्यावर."

"मग तोपर्यंत?"

"तोपर्यंत जुना चालत नाही."

मी खुर्चीत ताठ बसलो. अशा वेळी माणसाची विद्वत्ता कामी येते. मी म्हणालो, "मॅडम, मी स्वतः सर्वेक्षण करतो. शास्त्रशुद्ध." फायली जरा बाजूला झाल्या आणि मॅडमचा चेहरा पहिल्यांदा दिसला. "करा की," त्या म्हणाल्या. "मी पडताळणीला येईन."

मी क्षेत्रफळापासून सुरुवात केली, आणि तिथंच माझं चुकलं. ओळखीच्या गवंड्याची फीत आणली, एक टोक मारुतीच्या देवळाच्या पायरीला अडकवलं आणि दुसरं ओढत निघालो. हातात वही, कानाला पेन्सिल. मोहनराव आपल्या दारात दात घासत उभे होते. मोहनराव म्हणजे आमच्या गल्लीचे पुढारी. ते नगरसेवक झालेले नाहीत, पण प्रत्येक निवडणुकीआधी जवळपास होतात.

"काय मोजायलात, सर?"

"रस्त्याची रुंदी."

मोहनरावांचा ब्रश तोंडातच थांबला. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटलं. मी पुढं गेलो.

दुपारी शाळेतून आलो तर गल्लीत धुरळा! सुग्रीव सरांनी अतिक्रमणाची मोजणी केली, उद्या जेसीबी येणार, अशी बातमी नाल्यापर्यंत जाऊन परत आली होती. दोघांनी घाबरून आपापल्या ओट्याच्या पायऱ्या स्वतःच फोडल्या होत्या. जानकीबाईंनी तुळशीचं वृंदावन घरात ओढून नेलं होतं आणि आता त्यांना स्वतःला आत जायला जागा उरली नव्हती, म्हणून त्या बाहेर बसून मला बोलत होत्या. "शिकल्यासवरल्या माणसानं असं करावं का? शेजारधर्म काही हाय का न्हाई?" मी समजावलं. क्षेत्रफळ म्हणजे काय, तेही समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेसीबी परवा येनार का?"

संध्याकाळी मोहनरावांनी देवळापुढं सभा घेतली. "सरांनी लावलेली फीत ही विकासाची फीत हाय!" ते म्हणाले, "आणि ती लावायला म्याच सांगितलं व्हतं!" टाळ्या पडल्या. लोक शांत झाले. शांत झालेल्या लोकांनी फोडलेल्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधल्या, आणि आता कसलीच भीती नाही म्हटल्यावर पहिल्यापेक्षा हातभर पुढं बांधल्या. म्हणजे माझ्या मोजणीमुळं गल्लीचं क्षेत्रफळ कमी झालं आणि घनता वाढली. असा परिणाम कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेला नाही!

मग घरोघर फिरणं. पहिल्या दोन घरांतच ध्यानात आलं, की अंगणवाडीला आठशेच्या वर माणसं लागतात ही गोष्ट मोहनरावांनी गल्लीभर केली आहे, आणि गल्लीनं ती फारच मनावर घेतलीय. पुरुष मंडळी उदार झाली होती. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा लिहा. त्याची बायको लिहा. तिचे आईवडील दिवाळीला येतात, तेही लिहा. चकलांब्याचे व्याही, धर्मापुरीची थोरली मेहुणी, परळीचा साडू, सगळे आमच्या गल्लीचे रहिवासी व्हायला तयार होते. धोंडीराम न्हाव्यानं तर आपल्या वडिलांचं नाव सांगितलं.

"अहो धोंडीराम, वडील जाऊन चार वर्षं झाली ना?"

"व्हय की," धोंडीराम म्हणाला. "पण सालातून एकदा पित्राला येतेत ना!"

मी कडक भूमिका घेतली. पितर गाळले. जिवंत आणि दिवाळीला नक्की येणारे तेवढे ठेवले. माझं मन मला खात होतं, पण डोळ्यांपुढं त्या फडातली अंजू होती, त्यामुळं ते जास्त खाऊ शकलं नाही. लेकरांची माहिती मात्र मी बायकांना विचारली. आईला जेवढं ठाऊक तेवढं बापाला नसतं, हे साधं शास्त्र आहे. बायकांनी पटापट सांगितलं. कुठंही घासाघीस नाही, कुठंही वाढवून सांगणं नाही. मी मनात म्हटलं, बघा, खरी प्रामाणिक जमात ही!

बेरीज केली. नऊशेच्या वर! मी चक्क खुर्चीवरून उठून उभा राहिलो. नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला, चतुःसीमा चार रंगांत रंगवली, आणि प्रस्ताव मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो. येताना शिवकन्येला सांगितलं, "झालंच समज." त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून अंजूला बडबडगीत शिकवण्याचा आवाज आला, आणि घरं इतकी जवळ असल्यामुळं ते गीत आख्ख्या गल्लीला पाठ झालं.

पंधरवड्यानं प्रस्ताव परत आला. वर लाल शाईत शेरा होता. मी तो देवळापुढं सगळ्यांसमक्ष वाचला, कारण मला वाटलं मंजुरीच असणार.

"सदर वस्तीत ज्येष्ठांचे प्रमाण लक्षणीय असून बालकांचे प्रमाण नगण्य आहे. सबब अंगणवाडीची आवश्यकता दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राचा प्रस्ताव सादर करता येईल."

मग देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांत एकदम चैतन्य आलं. "विरंगुळा म्हंजे टीव्ही असतो का, सर?" "कॅरमबी असतो म्हनं." "पंखा लावतेत का?" मोहनरावांनी दोन्ही हात वर केले. "मंडळी, विरंगुळा केंद्र ही माझी जुनी मागणी हाय!" ही मागणी त्यांना त्या मिनिटाला सुचली होती, पण त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता, की घटकाभर मलाही खरं वाटलं.

शिवकन्या मागं उभी होती. तिनं पदर नीट केला आणि घरात गेली. त्या संध्याकाळी बडबडगीत ऐकू आलं नाही.

मी घरी आलो तो तावातावानं. "नगण्य? आपल्या गल्लीत बालकं नगण्य? दारातून पाय बाहेर टाकायचा तर आधी चार पोरं उचलून बाजूला ठेवावी लागतात!"

वनमाला भाकरी थापत होती. "लेकरं विचारली कोणाला?"

"त्यांच्या आयांना."

"मग बरोबर हाय. आई कधी सगळी लेकरं सांगती का? एक घरात ठेवूनच सांगत्यात. नजर लागती."

"एक घरात ठेवून म्हणजे?"

"म्हंजे तीन असली तर दोन सांगायची. दोन असली तर एक." असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मी कागद काढले. घर क्रमांक सात, सुग्रीव. आमच्याकडे माझ्या मुलाची दोन लेकरं, एक नातू आणि एक नात. त्या क्षणी दोघंही माझ्या पाठीवर चढायच्या प्रयत्नात होती. आणि कागदावर, माझ्याच अक्षरात, बालके: एक.

"हे कुणी सांगितलं?"

"म्याच सांगितलं," वनमाला म्हणाली. "तुमी विचारलं, म्या सांगितलं, तुमी लिवलं. म्या म्हनलं, एवढे शिकलेले, घरचीच लेकरं हायती, कळत आसंल."

सगळ्या गल्लीत दर घरामागं एक लेकरू गायब होतं, शिवाय व्याही, साडू आणि मेहुण्यांमुळं म्हाताऱ्यांची गर्दी उसळली होती. माझ्या शास्त्रशुद्ध सर्वेक्षणातली कडबा गल्ली म्हणजे एक मोठा वृद्धाश्रमच झाला होता!

मी तडक बायनाबाईकडं गेलो. गल्लीतल्या बायका हिचं ऐकतात. उभा जन्म ऊसतोडीत गेला, गुडघे धरले म्हणून गेली दोन वर्षं घरी होती, पण आवाज अजून फडातलाच होता. या अंगाला बोलली तर नाल्यापलीकडं बैल उभे राहायचे.

"बायनाबाई, लेकरं खरी सांगायला सांगा सगळ्यांना."

"खरीच सांगितलीत."

"एक एक कमी सांगितलंय."

"मग? मोजायची असत्यात का लेकरं? तुमचं आपलं कायतरीच, सर. माज्या सासूनं एकदा अंगणात निजलेली पोरं मोजली व्हती. त्याच साली गोवर आला. माजी थोरली गेली." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

तरी म्हणालो, "आधार कार्डाला मोजली की."

"ते सरकारनं मोजलं. म्या न्हाई."

"डोस द्यायला ती सिस्टर येते..."

"ती टोचती. मोजत न्हाई."

सगळ्या वर्गासमोर वाद करायची मला सवय आहे, पण बायनाबाईसमोर माझी फळ्यावरची सगळी अक्षरं पुसली गेली. मी पुन्हा कचेरीत गेलो. मॅडम म्हणाल्या, "मी प्रत्यक्ष येऊन बघते. लेकरं दाखवा." दिवस ठरला.

आता लेकरं न मोजता दाखवायची कशी? सल्ले तर न मागता आले. मोहनराव म्हणाले, मिरवणूक काढू. धोंडीराम म्हणाला, सगळ्यांची जावळं काढतो, केसांवरून अंदाज येईल. शेवटी मीच तोड काढली, आणि आजही मला ती तोड म्हणून बिनतोड वाटते. देवळापुढं शिरा करायचा. प्रत्येक लेकराला एक द्रोण. लेकरं कुणीच मोजायची नाहीत, नंतर द्रोण मोजायचे! बायनाबाईसुद्धा म्हणाली, "द्रोणाला नजर लागली तर लागू द्या."

ठरल्या दिवशी कढई चढली. वेलदोड्याचा वास सुटला. आणि आमच्या गल्लीची चतुःसीमा किती कच्ची आहे हे मला त्या दिवशी कळलं! बाजाराच्या भिंतीवरून पोरं उतरली. नाल्यातून पोरं वर आली. बाभळींतून पोरं निघाली. ज्या ट्रकांतून आमची लेकरं अंगणवाडीला धाडता येत नाहीत म्हणतात, त्याच ट्रकांतून वाट काढत हमरस्त्याच्या पलीकडचीही आली. वरून देवळाच्या पायरीवरची म्हातारी मंडळी "आमचं बी विरंगुळा केंद्रच हाय" म्हणत रांगेत बसली. द्रोण संपले. वनमाला म्हणाली, कागद द्या. माझ्या पिशवीत सातवीच्या घटक चाचणीचे पेपर होते, न तपासलेले. मी नको नको म्हणेपर्यंत "महाराष्ट्रातील प्रमुख नद्या" या प्रश्नावर शिरा वाढला गेला.

मॅडम आल्याच नाहीत. त्यांना बीडला बैठक लागली होती. द्रोण मोजले तर कडबा गल्लीची बालसंख्या आख्ख्या शहराला पुरेल एवढी निघाली. शाळेत हेडमास्तरांनी मला विचारलं, "सातवीच्या पेपरांना तूप कशाचं?" मी म्हणालो, "साजूक." दुसरं काय सांगणार?

मॅडमनी दुसरी तारीख दिली, तीही चुकली. नवरात्र बसलं, दसरा झाला. आणि एक दिवस सकाळी गल्लीच्या तोंडाशी, हमरस्त्याच्या कडेला, ट्रक येऊन उभा राहिला.

तो दिवस आमच्या गल्लीत दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी शाळेत लवकर जातो, कारण मला बघवत नाही. यंदा मी गेलो नाही. पत्रे, बांबू, चुली, पीठाचे डबे, कोंबड्या, सगळं ट्रकावर चढत होतं. टोळी नेणारा बजरंग मुकादम खाली उभा राहून मोजत होता. तो माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम घेत नाही.

शिवकन्येचं गाठोडं वर गेलेलं मी पाहिलं. तिचा नवरा अजिनाथ दोरी आवळत होता. तेवढ्यात मागून स्कूटीचा हॉर्न वाजला. पर्यवेक्षिका मॅडम! न कळवता, न सांगता, गल्लीच्या तोंडाशी ट्रकामागं अडकल्या होत्या.

आणि नेमक्या त्याच वेळेला आयांनी हाका मारायला सुरुवात केली.

"ए पिंके! चढ गं!" "सोन्या! बाप्या! कुठं मेले रे?" "राणी, धाकट्याला उचल!" ट्रक सुटायच्या वेळी कुठली आई एक लेकरू घरात ठेवून बोलते? प्रत्येक जणी आपापल्या सगळ्या लेकरांना नावानं हाका मारत होती, आणि दारांतून, ओट्यांखालून, वृंदावनामागून, ज्यांना मी महिनाभर कागदावर शोधत होतो ती सगळी पोरं धावत बाहेर येत होती. केवढी पोरं! मी हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले, बोटं मोजायला लागू नयेत म्हणून. मॅडम स्कूटी सोडून बाजूच्या ओट्यावर चढल्या होत्या. पर्समधून पेन काढून त्या भराभर रेघा ओढू लागल्या.

"ओ बाई! काय मोजायलात?" बायनाबाईचा आवाज आला.

आयांनी पोरं पदराखाली ओढली.

"लेकरं मोजतेय," मॅडम म्हणाल्या. त्या भ्यायल्या होत्या, पण खाली उतरल्या नाहीत. "माझ्या कागदावर इथं लेकरंच नाहीत. जी कागदावर नाहीत त्यांना अंगणवाडी नाही. मग ती ट्रकातच जाणार. तुम्ही सांगा, लिहू का जाऊ?"

बजरंग मुकादमानं घड्याळ बघितलं. मग शिवकन्या पुढं आली. अंजू तिच्या कडेवर होती.

"लिवा, मॅडम. अंजू अजिनाथ. तीन वर्षं." मग म्हणाली, "सर आलते तवा म्या लेकरू न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. एकच हाय. एकातली एक घरात ठेवली, तर मागं कायच उरलं न्हाई. आत्या, म्या पुन्हा तसं सांगायची न्हाई."

माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं! जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, तिच्याच घरापुढं मी माझ्या हातानं शून्य लिहिलं होतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

सगळ्या बायका बायनाबाईकडं बघत होत्या. बायनाबाई सुनेकडं बघत होती. मग तिनं जानकीबाईच्या पदराखालचा नातू धरून पुढं ढकलला आणि म्हणाली, "हेचं बी लिवा."

मग काय विचारता! नावांचा पाऊस पडला. मॅडमचं पेन पुरेना, मी माझं दिलं. वनमालेनं आमचीही दोन्ही सांगितली, मोठ्यानं, आणि माझ्याकडं बघून सांगितली. मोहनराव ओरडले, "अंगणवाडी ही माझी जुनी मागणी हाय!" या वेळी मी टाळी वाजवली.

"मंजुरीला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर देवळात बसवा. खाऊ मी पलीकडच्या केंद्रातून पाठवते. ज्यांचे आजीआजोबा इथं आहेत ती लेकरं राहू द्या. पण सांभाळायला बारावी झालेली बाई आजपासून पाहिजे. ट्रकात बसलेल्या बाईची शिफारस मला करता येणार नाही."

"ते जमायचं न्हाई," बजरंग मुकादम म्हणाला. "अजिनाथचा कोयता पुरा लिवलाय. बाई राहिली तर अर्धा व्हतो. अर्धा म्या नेत न्हाई."

अजिनाथनं दोरी सोडली आणि खाली मान घालून उभा राहिला. शिवकन्येनं अंजूला खाली ठेवलं. मी बजरंगला काहीतरी समजावायला गेलो. सामाजिक भूगोल असा शब्दही माझ्या तोंडून गेला, असं नंतर वनमालेनं सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बजरंग बे!" बायनाबाई ओरडली. "कोयत्याला दोन माणसं लागत्यात ना? ह्यो येक आन मी येक."

"मावशे, तुजे गुडघे..."

"गुडघ्यानं तोडत्यात का ऊस? हात दे!"

अजिनाथ "आई, न्हाई, आई" म्हणेपर्यंत ती चाकावर पाय देऊन अर्धी वर गेली होती. बजरंगनं हात दिला, कारण न देऊन सांगतो कुणाला? तिनं सुनेचं गाठोडं उचलून खाली फेकलं आणि पत्र्यांच्या ढिगावर पाटलिणीसारखी बसली. शिवकन्या रडत होती. "आत्या, उतरा ना. आत्या, मी जाते." बायनाबाईनं ऐकलंच नाही.

ट्रक सुरू झाला. राहणारी लेकरं देवळापुढं गोळा झाली होती. काही आयांकडं बघून भोकाड पसरत होती, काहींना अजून काही कळलं नव्हतं. बायनाबाई ट्रकाच्या कडेला धरून उभी राहिली आणि तिनं बोट पुढं केलं.

"येक," ती म्हणाली. तो फडातला आवाज. "दोन. तीन."

गल्लीतल्या एका बाईनं तोंडावर हात घेतला. बायनाबाई थांबली नाही. अंजूवर बोट ठेवलं, जानकीबाईच्या नातवावर ठेवलं, आमच्या दोन्ही नातवंडांवर ठेवलं. चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ट्रक हलायला लागला तरी मोजत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तिनं टपावर थाप मारली, तो गप्प बसला. शेवटच्या लेकरापर्यंत आली आणि मग म्हणाली,

"मोजलीत म्या. पुरी मोजलीत. म्या येईस्तवर ह्यातलं येकबी कमी व्हता कामा न्हाई. ऐकायलीस का, शिवकन्ये? सर, तुमीबी ऐका! येक जरी कमी दिसलं तर तुमाला सोडायची न्हाई!"

"एकही कमी होणार नाही!" मी ओरडलो. भर हमरस्त्यावर, शाळेच्या कपड्यात, ट्रकामागं धावत ओरडलो. धुरळा तोंडात गेला तरी ओरडलो.

ट्रक वळला. दरवर्षी तो वळला की आमच्या गल्लीत एवढी शांतता होते, की रस्त्याच्या नळाचं ठिबकणं घरात ऐकू येतं आणि ते उन्हाळ्यापर्यंत ऐकू येतं. मी परत फिरलो. घरांना कुलपं होती, निम्मी गल्ली रिकामी होती. आणि तरी देवळातून असा काही कालवा येत होता, की मला माझंच बोलणं ऐकू येईना.

"सर! लवकर या!" आतून शिवकन्या ओरडली. "दोघं मारुतीच्या शेपटीला लोंबकळायलेत, आन तिसरं पायरीवरून खाली निघालंय!"

मी चपला तिथंच टाकल्या आणि पळत सुटलो.